सोलापूरच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरला फॅन कुठले घ्यावेत? आवाज, गारवा आणि दिसणं

कडकभाकरी
नमस्कार मंडळी. मी घरूनच आवाजाचं काम करते: जाहिराती, शाळांचे धडे, अधूनमधून माहितीपट. घर जुळे सोलापुरात, अगदी रस्त्याला लागून. दिवसभर रिक्षा आणि पाण्याचे टँकर, त्यामुळे रेकॉर्डिंग रात्रीच होतं. आणि रात्री सगळं शांत झालं की कॉम्प्युटरची सूंऽऽ माईकमध्ये येते.

मशीन असं आहे: प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, कॅबिनेट समोरून बंद काचेचं. कॅबिनेटसोबतच आलेले तीन दिव्यांचे फॅन आहेत, मोलेक्सवर, म्हणजे पॉवर सप्लायच्या थेट वायरीवर जोडलेले, त्यामुळे कायम पूर्ण वेगात. धाकटा भाऊ याच मशीनवर गेम खेळतो.

फॅन बदलायचे ठरवलंय. डोक्यात तीन नावं आहेत: नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५, आर्क्टिक पी१२ आणि लियान लीचे युनी फॅन (हा भावाचा हट्ट). मला आधी शांतता हवी, मग गारवा, मग दिसणं. भावाचा क्रम बरोबर उलटा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा काय टिकेल? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलेत त्यांनी सांगा.

होटगीरोड
ताई, नॉक्टुआ. डोळे झाकून. ऑस्ट्रियाची कंपनी आहे, हा फॅन २०१८ पासून बाजारात आहे आणि १२० मिमीमध्ये वर्षानुवर्षं तुलनेला तोच लावत आलेत. पातं आणि चौकट यांच्यातली फट फक्त ०.५ मिमी. एवढी कमी फट ठेवायची तर पातं गरम झाल्यावर आणि फिरून फिरून ताणलं जाता कामा नये, म्हणून त्यांनी पात्यांसाठी वेगळं, कडक प्लॅस्टिक वापरलंय. कमाल वेग २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), आणि त्या वेगालाही कंपनी २२.६ डेसिबलच सांगते. माझ्याकडे दोन आहेत. कॅबिनेटला कान लावला तर कळतं की चालू आहेत.

शेंगाचटणी
फॅन चांगलाच आहे, वादच नाही. पण तो चॉकलेटी-बदामी रंग! आमच्या आईनं खोका उघडल्यावर विचारलं, "एवढे पैसे देऊन जुनाच आणलास व्हय रे?"

होटगीरोड
@शेंगाचटणी, काळा पण मिळतो की. क्रोमॅक्स नावानं. आईला तो दाखवा :)

रात्रपाळी
थांबा जरा. डोळे झाकून कशाला, उघडे ठेवून बघू.

नॉक्टुआ उत्तम आहे, पण एका नॉक्टुआच्या पैशात आर्क्टिक पी१२ चे साधारण तीन येतात. आता वरची डेसिबलची गोष्ट घ्या. नॉक्टुआ आवाज डेसिबलमध्ये सांगते, आर्क्टिक ०.३ सोन (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) असं सांगते. दोन वेगळी मापं, दोन वेगळ्या प्रयोगशाळा. खोक्यावरचे आकडे शेजारी ठेवून काहीच ठरवता येत नाही. खरी तुलना करायची तर सगळे फॅन एकाच आवाजाला आणायचे आणि मग हवा किती फेकतात ते मोजायचं. तशा चाचण्यांत नॉक्टुआ पुढेच असतो, पण किमतीत जेवढं अंतर आहे तेवढं तापमानात नसतं.

पी१२ ची एक खोड मात्र सांगितलीच पाहिजे. ९०० ते १००० आरपीएमच्या आसपास तो घुमतो. गुंऽऽ असा जाड आवाज, टेबलाला हात लावला तर कळतो. फॅन कर्व्हमध्ये (किती तापमानाला किती वेग, ते ठरवायच्या सेटिंगमध्ये) तेवढा पट्टा टाळायचा: ८५० पर्यंत सावकाश, आणि तिथून थेट ११०० वर. मी तसंच ठेवलंय, रात्रपाळीत शेजारी बायको झोपलेली असते, तिची तक्रार नाही.

कडकभाकरी
@रात्रपाळी, घुमण्याबद्दल कुठल्याच दुकानदारानं सांगितलं नव्हतं, धन्यवाद. माईकला नेमका तसलाच आवाज जास्त टोचतो. सलग स्ssss असेल तर नंतर काढता येतो, पण एकाच सुरातली घुमणी माझ्या आवाजाखाली जाऊन बसते.

निवृत्त_मास्तर
मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिकल शिकवत होतो. फॅन लहान असो की मोठा, गणित तेच, म्हणून लिहितो.

वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, दाब चौपट आणि लागणारी वीज आठपट. आवाजाचा ठोकताळा असा की वेग निम्मा केला तर साधारण १५ डेसिबल कमी होतात. दोन सारखे फॅन एकत्र चालवले तर मात्र आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो.

आता या दोन गोष्टी जोडा. १५०० आरपीएमवर दोन फॅन जेवढी हवा फेकतील, तेवढीच साधारणपणे १००० वर तीन फॅन फेकतील. वेग उतरवल्यामुळे जवळजवळ ९ डेसिबल गेले, तिसऱ्या फॅनमुळे पावणेदोन परत आले. निव्वळ सात डेसिबलचा फायदा. कुठल्याही कंपनीचा महाग फॅन घेऊन एवढा फायदा होणार नाही. म्हणून कडकभाकरी ताई, नावापेक्षा फॅन किती, केवढे आणि किती सावकाश फिरणार हे आधी ठरवा. कॅबिनेटमध्ये बसत असतील तर १२० ऐवजी १४० मिमीचे घ्या.

घुमण्याबद्दल. पी१२ ला पाच पाती आहेत. १००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १६.७ फेरे, गुणिले पाच, म्हणजे ८३ हर्ट्झ. ए१२एक्स२५ ला नऊ पाती, त्याच वेगाला १५० हर्ट्झ. आवाजाचं काम करणाऱ्यांना यावरून अंदाज येईल.

कडकभाकरी
मास्तर, हे सोन्यासारखं दिलंत. ८० हर्ट्झच्या खालचं मी तसंही कापते. ८३ त्याच्या काठावर आहे, कापणी जरा वर नेली तर पी१२ ची घुमणी बरीचशी जाईल, माझ्या आवाजाला धक्का न लागता. १५० असतं तर अवघड होतं.

रंगीबेरंगी
सगळे भावाच्या विरुद्ध आहेत म्हणून मी त्याच्या बाजूनं येतो.

दिसण्याला शेवटचा नंबर देऊन सोडून देऊ नका. जे मशीन रोज आठ-दहा तास समोर असतं ते छान दिसावं असं वाटण्यात काय चूक? माझ्याकडे युनी फॅन आहेत. एकमेकांना कडेनं खटकन जोडले जातात, तिघांना मिळून एकच वायर. आतल्या वायरींचं जंजाळ गेलं की कॅबिनेट पुसायलाही सोपं जातं. शिवाय हवा आत ओढणाऱ्या जागेसाठी उलट्या पात्यांचे फॅन मिळतात, म्हणजे काचेतून मोटर आणि आडव्या काड्या न दिसता पात्यांची चांगली बाजू दिसते. आवाज १००० च्या खाली काही विशेष नाही. वर गेल्यावर कळतो, हे मान्य.

एक गोष्ट मात्र जपा. दिव्यांचं ५ व्होल्टचं तीन पिनांचं कनेक्शन वेगळं आणि १२ व्होल्टचं चार पिनांचं वेगळं. ५ चा प्लग १२ च्या जागेत जोर लावला तर बसतो, आणि दिवे तिथंच संपतात. गावातल्या एका दुकानात माझ्या पहिल्या सेटचं असंच केलं, आणि वर "फॅनच खराब आला" म्हणून हात झटकले. मदरबोर्डवर काय छापलंय ते स्वतः वाचा, मगच लावू द्या.

विजापूरवेस
५ व्होल्ट-१२ व्होल्टला +१. माझ्या भाच्याचा पूर्ण सेट असाच गेला.

होटगीरोड
@रंगीबेरंगी, दिसण्याबद्दल म्हणणं पटतं, पण ताई रात्री अंधारात रेकॉर्डिंग करतात. काचेतून सप्तरंग पडल्यावर कागद वाचायचा कसा?

रंगीबेरंगी
दिवे सॉफ्टवेअरमधून बंद होतात हो. एक क्लिक. भाऊ खेळायला बसला की परत चालू.

जकार्डवाला
तुम्ही सगळे आवाजावर बोलायलाव, मी धुळीवर बोलतो, कारण सोलापुरात फॅन मरतो तो धुळीनं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाईनचं काम करतो. पूर्वी ग्राफ कागदावर चौकोन भरून मग कार्डं पंच व्हायची, आता सगळं कॉम्प्युटरवर. ऑफिस मागांच्या शेडला लागूनच. टेरी टॉवेलचं सूत तूस सोडतं. डोळ्याला दिसत नाही, पण संध्याकाळी शर्टाच्या बाहीवर पांढरा थर असतो. कॅबिनेटमध्ये काय होतं सांगतो: पहिल्यांदा पात्यांच्या पुढच्या धारेवर राखाडी रेघ येते. मग हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांमध्ये तूस अडकतो, आणि मधली धूळ त्याला धरून बसते. बाहेरून फॅन फिरताना दिसतो, पण हीटसिंकच्या मागं हात ठेवला तर वाराच नाही. एकदा काढला तर पट्ट्यांवरून अखंड नमदा निघाला, सोलून घ्यावा तसा.

म्हणून आमच्याकडे असं ठरलंय. हवा आत घेणारे फॅन जास्त, बाहेर टाकणारे कमी. म्हणजे आतला दाब थोडा जास्त राहतो आणि फटींमधून धूळ आत ओढली जात नाही, सगळी हवा जाळीतूनच येते. आणि जाळीमागं फॅन असा पाहिजे की अडथळ्यातूनही हवा ओढेल. नुसता मोकळ्या हवेत जोर दाखवणारा उपयोगाचा नाही. पी१२ तिथं चांगला आहे, २.२ मिमी पाण्याचा दाब देतो. नॉक्टुआ २.३४ देतो. कारखान्यात आवाजाचा प्रश्नच नाही, माग चालू असताना फॅन काय, माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.

घरी पूर्वभागातच राहतो, गल्लीत अजून माग आहेत. तिथंही हेच.

शेंगाचटणी
नमदा सोलून घ्यावा तसा, हे वाचून मी आत्ता माझं कॅबिनेट उघडलं. अण्णा, मी कारखान्यात काम करत नाही तरी निघाला.

जकार्डवाला
साफ करताना एकच. ब्लोअर मारायच्या आधी पातं बोटानं धरून ठेवा. नुसता वारा मारला तर फॅन त्याच्या मर्यादेपेक्षा जोरात फिरतो, बेअरिंगचं वाटोळं होतं. आणि पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्यातून पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात.

विजापूरवेस
बेअरिंगवरून आठवलं. स्वस्त फॅनमध्ये स्लीव्ह बेअरिंग असतं. फॅन उभा असेल तर काही काळ ठीक, पण कॅबिनेटच्या वरच्या बाजूला आडवा लावला की लवकर घरघरायला लागतो. त्यात आपला उन्हाळा, आतलं तेल सुकतं. आर्क्टिकमध्ये फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग आहे, नॉक्टुआचं स्वतःचं तसल्याच जातीचं आहे. नवीन असताना सगळेच फॅन शांत असतात, फरक दोन उन्हाळ्यांनी कळतो.

रात्रपाळी
उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करू. परदेशी चाचण्या २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. "या फॅननं प्रोसेसर ६८ अंशांवर राहिला" असं दिसतं. आपली खोली मेमध्ये रात्री अकरालाही ३५-३६ असते. तो १४ अंशांचा फरक सरळ वर चढवायचा: ६८ चे ८२. कुठलाही फॅन खोलीपेक्षा गार करू शकत नाही, तो खोलीचीच हवा वापरतो.

पण घाबरायचं कारण नाही. रायझन ७००० मालिकेची मर्यादाच ९५ अंश आहे. आणि ताईंचा ७६०० हा ६५ वॉटचा आहे, पूर्ण जोर लावला तरी ८८ वॉट घेतो. एवढं प्रोसेसरवरचा एक बऱ्यापैकी कूलर सहज सांभाळतो. कर्व्ह लावताना मात्र परदेशी माणसाचा उचलू नका. त्यांचा फॅन ६० अंशांना जोर धरतो, आपल्याकडे मेमध्ये मशीन नुसतं चालू असलं तरी पन्नाशीला असतं, मग दिवसभर चढ-उतार. हा चढ-उतारच कानाला जास्त त्रास देतो. ७० पर्यंत एकच सपाट वेग ठेवा, पुढं चढवा, आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायची सोय बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) असते ती चालू करा.

पुण्यात_पण_सोलापूरचा
एवढं कशाला? कूलर लावा की खोलीला. आमच्या वेळी गच्चीवर झोपायचो, कॉम्प्युटर पण गच्चीवर न्या :)

निवृत्त_मास्तर
कूलरवरून गंभीरपणे एक. डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. ओल्या पॅडमधून बारीक तुषार उडतात, आपल्या पाण्यात क्षार भरपूर, ते पॅडवर पांढरे दिसतात तसेच बोर्डवरही बसतील. कूलर माणसाकडे, कॉम्प्युटर बाजूला.

आणि कूलर व छताचा पंखा चालू असताना कॉम्प्युटरच्या फॅनचा आवाज कोणाला ऐकू येतो? प्रश्न फक्त तेवढ्या वेळाचा आहे जेव्हा ताई सगळं बंद करून माईकसमोर बसतात.

कडकभाकरी
बरोबर, मास्तर. पंखा, कूलर, फ्रिजचं दारसुद्धा बंद करून बसते. घामाघूम होऊन एकेक परिच्छेद.

रात्रपाळी
मग प्रश्नच बदलला की! रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसरवर काहीच भार नसतो. ४०६० चे फॅन बहुतेक कार्डांवर तेव्हा थांबलेलेच असतात. म्हणजे फॅन २००० ला किती गार करतो याला त्या वेळी अर्थ नाही. किती सावकाश आणि किती स्वच्छ फिरतो ते बघायचं. ए१२एक्स२५ सुमारे ४५० पर्यंत उतरतो. पी१२ पीडब्ल्यूएम (बोर्डाच्या सिग्नलवर वेग बदलणारा) २०० पर्यंत, आणि ५ टक्क्यांच्या खाली सिग्नल दिला तर थांबतोच. ५०० ला दोघांतला फरक माईकला कळणं कठीण.

चार पिनांचा पीडब्ल्यूएमच घ्या पण. सध्याचे मोलेक्सवाले काढून टाका, त्यांच्यावर ताबाच नाही. अर्धा आवाज तिथंच जाईल.

होटगीरोड
मी अजूनही नॉक्टुआच म्हणेन. ५०० ला हवेचा आवाज सगळ्यांचाच शून्य होतो, तेव्हा उरते ती मोटरची टिकटिक. स्वस्त फॅनमध्ये चार घेतले तर एखादा टिकटिकणारा निघतोच. आवाजावर पोट असेल तर तो जुगार कशाला?

रात्रपाळी
हा मुद्दा मान्य. त्यावर उपाय म्हणजे पाचांचा संच घ्यायचा, रात्री एकेक चालवून ऐकायचा, सगळ्यात शांत असतील ते समोर लावायचे आणि उरलेला सुटा ठेवायचा. तरीही दोन नॉक्टुआंपेक्षा कमी पैसे.

विजापूरवेस
कॅबिनेट माईकपासून किती लांब आहे हे कोणीच विचारलं नाही.

कडकभाकरी
टेबलाखाली, पायाशी. माईकपासून हातभर.

विजापूरवेस
मग फॅनच्या आधी वायर घ्या! मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा नाही होणार, पण हातभरावरून तीन मीटरवर नेलं तर मोठा फरक पडतो. माईकच्या इंटरफेसला साधी यूएसबी वायर ५ मीटरपर्यंत चालते. कॅबिनेट माईकच्या पाठीमागं येईल असं ठेवा, कार्डिऑइड माईक असेल तर मागून तो सगळ्यात कमी ऐकतो. मधल्या भिंतीवर दोन जाड चादरी लावा, सोलापूरला त्याची कमी नाही. वरच्या पट्टीचा सरसर आवाज चादर खाते. खालची घुमणी नाही खाणार, त्यासाठी कर्व्हच.

जकार्डवाला
चादर मी देतो ताई. नग खराब निघालेल्या असतात, भिंतीला काय फरक पडतोय.

रंगीबेरंगी
आणि समोरची काच? सगळे फॅनवर भांडतायत, काच बंद असेल तर नॉक्टुआ लावा नाहीतर विमानाचं इंजिन, हवा येणार कुठून? कडेच्या दोन बोटांच्या फटीतून ओढायची म्हणून फॅनला वेग वाढवावा लागतो. दिव्यांचा चाहता असूनही सांगतो, समोर जाळीचं कॅबिनेट घ्या. काच बाजूला असू दे.

होटगीरोड
हे मात्र शंभर टक्के. कॅबिनेट आधी.

कडकभाकरी
मंडळी, सगळं वाचून, भावाशी भांडून, काम झालं. काय केलं ते लिहिते, कारण असे धागे अर्धवट सुटलेले मला आवडत नाहीत.

समोर जाळीचं कॅबिनेट घेतलं, बाजूला काच. समोर आत घेणारे दोन आर्क्टिक पी१४, म्हणजे मास्तरांनी सांगितलेले १४० मिमीचे. मागे बाहेर टाकणारा एकच, पण तिथं नॉक्टुआ लावला, काळा. होटगीरोड यांचा टिकटिकीचा मुद्दा मनात राहिला होता. युनी फॅन घेतले नाहीत. भावासाठी काचेच्या आत दिव्यांची एक पट्टी लावली, ५ व्होल्टची, बोर्डवर छापलेलं स्वतः वाचून. तो खूश आहे.

कॅबिनेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये जकार्डवाला अण्णांच्या दोन चादरी. रेकॉर्डिंगसाठी वेगळा कर्व्ह ठेवलाय, सगळे ५०० वर. काल रात्री रिकामा ट्रॅक घेऊन पूर्ण आवाज वाढवून ऐकला: सूं गेली आहे. आता शेजारच्या घरचं घड्याळ ऐकू येतं. त्याचं काय करायचं ते त्यांना विचारावं लागेल.

भाऊ गेम खेळतो तेव्हा फॅन ११०० च्या पुढे जातात, तेव्हा ऐकू येतात, पण तेव्हा मी काम करत नाही. मधली घुमणी पी१४ मध्ये मला जाणवली नाही, तरी तो पट्टा टाळलाच आहे.

रात्रपाळी
मस्त. मे उलटल्यावर तापमानं लिहा इथंच.

जकार्डवाला
ताई, समोरची जाळी चुंबकाची आहे का आतून स्क्रूनं बसवलेली? स्क्रूची असेल तर ती साफ करायचा कंटाळा येतो आणि मग राहूनच जाते.

कडकभाकरी
समोरची ओढली की निघते. खालची, पॉवर सप्लायची, मागून सरकते. तिथं मात्र कॅबिनेट भिंतीला लागून असल्यामुळे हात जात नाही.

जकार्डवाला
मग कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढं घ्या, मागच्या नॉक्टुआलाही हवा सोडायला जागा होईल. आणि जाळी पाण्यानं धुतली तर उन्हात पूर्ण वाळवूनच लावा. आपल्याकडे तेवढं ऊन आहेच.